आधी नळीचा नकाशा, मग फरशीचा भाव

घर दुरुस्तीला काढले की कारागिरांना बोलावण्याचा आपल्याकडे एक ठरलेला क्रम आहे. आधी गवंडी, मग फरशीवाला, मग वायरमन, मग रंगारी. भिंत फोडून झाली, जागा ठरली, फरशीच्या पेट्या दारात येऊन पडल्या, की मग कुणाला तरी आठवण होते, 'अरे, प्लंबरला सांगितले का?' हा क्रम उलटा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. वरच्या मजल्यावरचे बाथरूम एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायचे असेल, तर पहिला निरोप प्लंबरला गेला पाहिजे आणि पहिली हातोडी पडण्यापूर्वी सांडपाण्याच्या नळीचा नकाशा कागदावर उतरला पाहिजे.

हा विषय व्यापार-उद्योगाच्या पानावर का, असे कुणी विचारील. उत्तर सोपे आहे. भिवंडी-मालेगावच्या दाट मोहल्ल्यांत काय किंवा महाड-खेड-चिपळूणच्या वाड्यांत काय, आज असे काम जागोजागी निघते. कुटुंब वाढते, दोघा भावांचे संसार वेगळे होतात, म्हाताऱ्यांना रात्री जिना उतरवत नाही, आखातातून आलेला मुलगा खोलीला लागूनच बाथरूम मागतो. पूर्वी घराच्या मागच्या अंगाला असलेला संडास मग पुढच्या खोलीजवळ येतो. या कामावर आपले अनेक बांधव पोट भरतात. कुणी गवंडी आहे, कुणी प्लंबर, कुणी फरशी बसवणारा, कुणाचे सॅनिटरी सामानाचे दुकान. काम बिघडले तर छत गळते, शेजाऱ्यांत तंटा होतो आणि बोल लागतो तो कारागिराच्या नावाला. या धंद्यात नाव हीच खरी पुंजी असते. म्हणून हा विषय.

उतार मोजल्याशिवाय जागा ठरत नाही

घरमालक जागा ठरवतो ती खोलीच्या सोयीने. पाणी मात्र सोय पाहत नाही. ते उताराने जाते. नव्या जागेपासून उभी नळी किती लांब आहे, हा पहिला प्रश्न. बाकी सगळे हिशेब त्याच्या मागून येतात.

आडव्या नळीला फुटाला पाव इंच उतार, हे माप आपल्या जुन्या उस्तादांना तोंडपाठ असते. मीटरच्या भाषेत ते साधारण दोन सेंटिमीटर होते. आता हिशेब करून पाहा. उभी नळी चार फुटांवर असेल तर नळी एक इंच उतरते. बारा फुटांवर असेल तर तीन इंच. संडासाची नळी ११० मिलिमीटरची, म्हणजे बाजारच्या बोलीत चार इंची. बाहेरून ती साडेचार इंच भरते. तीन इंचांचा उतार, साडेचार इंच नळी, खाली-वर थोडा मसाला आणि फरशी, एवढ्यातच फूटभर खोली संपली. देशी भांडे बसवायचे असेल तर भांडे आणि त्याखालचा ट्रॅप मिळून दीड फुटाच्या आसपास जागा मागतात, हे आणखी वेगळे. आणि स्लॅब आधीचाच, सपाट पडलेला! मग हा फूट-दीड फूट येणार कुठून?

येथे तीन मार्ग आहेत. पहिला, जमीन उंच करून एक-दोन पायऱ्या चढून आत जाणे. दुसरा, मागच्या बाजूने भिंतीत पाणी सोडणारे पी ट्रॅपचे कमोड घेणे. त्याला स्लॅबमधून भोक पाडावे लागत नाही. तिसरा, जुन्या नळीपर्यंत लांबचा प्रवास न करता जवळच्या बाहेरच्या भिंतीवरून नवी उभी नळी सोडणे. आमच्या मते बहुतेक घरांत हा तिसरा मार्गच शेवटी स्वस्त पडतो. उभ्या नळीला खर्च होतो खरा. पण ती बाहेर असते, दिसते, चोंदली तर उघडता येते. खोलीच्या फरशीखाली बारा फूट गाडलेली नळी चोंदली तर तिची वाट फरशी फोडूनच काढावी लागते.

उतार कमी नको, तसा अतोनातही नको. चार इंची आडवी नळी फारच उतरती टाकली तर पाणी झरझर निघून जाते आणि मैला मागे राहतो, असा अनुभव जाणते प्लंबर सांगतात. म्हणून उतार डोळ्यांनी नव्हे, पाणपातळीच्या नळीने किंवा लेव्हलने पाहावा.

गावाकडे जेथे गटार नाही, तेथे आणखी एक हिशेब असतो. सेप्टिक टाकी घराच्या मागे आणि नवे बाथरूम पुढे, असे झाले तर नळीला घराला वळसा घालावा लागतो. चाळीस फुटांच्या वळशात नळी दहा इंच उतरते. टाकीचे तोंड त्याहून वर असेल तर पाणी चढणार कसे? टाकीची पातळी आधी मोजावी, प्रत्येक वळणावर चेंबर ठेवावे आणि नहाणीचे साबणाचे पाणी टाकीत न लोटता त्याचा शोषखड्डा वेगळा, विहिरीपासून चांगला दूर करावा.

भांड्याचे तोंड कोणीकडे?

आपल्या घरांत एक गोष्ट जास्तीची पाहावी लागते. भांड्यावर बसणाऱ्याचे तोंड किंवा पाठ किबल्याकडे नको, असा आग्रह असतो. महाराष्ट्रातून किबला जवळजवळ पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला आहे. म्हणून भांडे साधारण दक्षिणोत्तर बसवले जाते. हा आग्रह घरमालक बहुधा शेवटच्या दिवशी, भांडे बसवताना बोलून दाखवतो. तोपर्यंत ट्रॅपचे तोंड एका दिशेला पक्के झालेले असते. मग भांडे फिरवण्यासाठी नळीला एकावर एक बेंड लावले जातात आणि जेथे दोन बेंड लागोपाठ, तेथे चोंदण्याची जागा तयार! नकाशा काढतानाच खोलीची दिशा कागदावर लिहिली तर हा सगळा खटाटोप टळतो. वजूसाठी वेगळी बैठक हवी असेल तर तिचे पाणी कोणत्या ट्रॅपला जाणार, हेही त्याच कागदावर यावे.

भार कुणाच्या डोक्यावर?

जागा बदलली की भारही बदलतो. पाच फूट बाय सात फुटांच्या खोलीत एक फूट विटांच्या तुकड्यांचा कोबा भरला, तर ती पस्तीस घनफूट भरती होते. तिचे वजन दीड टनाहून अधिक. मूळ बाथरूमची जागा हे ओझे धरून बांधलेली असते, झोपायची खोली नव्हे. म्हणून जुन्या स्लॅबवर नवा कोबा चढवण्यापूर्वी इंजिनिअरचा सल्ला घ्यावा. त्याची फी वाचवून केलेली बचत ही बचतच नव्हे. बीम फोडून त्यातून नळी काढणे तर सर्वथा वर्ज्य.

लाकडी पाटणीची जुनी घरे कोकणात आणि जुन्या शहरांत अजून उभी आहेत. तेथे नळी तुळयांच्या बाजूने समांतर न्यावी; तुळईला आडवी खाच पाडून नव्हे. खाच पडलेली तुळई आज दिसायला ठीक असते; ती वाकते ती वर्षा-दोन वर्षांनी, आणि तोवर कारागीर दुसऱ्या गावी गेलेला असतो.

नवे बाथरूम शक्यतो खालच्या मजल्यावरच्या बाथरूमच्या डोक्यावरच आणावे. खाली कुणाचे स्वयंपाकघर असेल तर थेंबभर गळतीही भांडणाला पुरेशी होते. फ्लॅट असेल तर सोसायटीची आणि महापालिकेची परवानगी कागदावर घ्यावी. 'चालते हो' या शब्दावर विसंबू नये.

हवेची नळी म्हणजे चैन नव्हे

आता सर्वांत दुर्लक्षित गोष्टीकडे येऊ. नळ, शॉवर, फरशी यांवर हजारो रुपये मोकळ्या हाताने जातात. पण प्लंबरने वेंट पाइपचे नाव काढले की घरमालक म्हणतो, 'ती रिकामी नळी कशाला?' ती रिकामी असते, कारण तिचे काम हवा वाहण्याचे आहे.

प्रत्येक भांड्याखाली, बेसिनखाली आणि नहाणीखाली ट्रॅप असतो. त्यात पाणी अडून राहते. हे अडलेले पाणी म्हणजे घर आणि गटार यांच्यामधले दार आहे. पाण्याची ही खोली किमान ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच असावी, असे राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते. दार शाबूत तोवर गटारातला वायू, झुरळे आणि रोगजंतू पलीकडे राहतात.

हे दार तीन प्रकारे उघडते. वरून कुणी फ्लश ओढला की पाण्याचा लोंढा उभ्या नळीतून खाली जातो आणि मागे हवा ओढतो. ती हवा छतावरून मिळाली नाही तर ती जवळच्या ट्रॅपमधून ओढली जाते आणि ट्रॅपचे पाणीही सोबत जाते. बेसिनमधून गुडगुड असा आवाज येतो, तो हाच. दुसरा प्रकार खालच्या मजल्याचा. लोंढा पायथ्याच्या बेंडवर आदळतो, पुढची हवा दाबली जाते आणि तळमजल्याच्या भांड्यात पाणी उसळते. म्हणून तळमजल्याचे भांडे उभ्या नळीच्या पायथ्याला जोडू नये, त्याची नळी स्वतंत्र चेंबरला न्यावी. आणि पायथ्याशी एक काटकोनी बेंड न लावता ४५ अंशांचे दोन लावावेत. तिसरा प्रकार, पाणी नुसते सुकून जाणे.

यावर उपाय तोच: उभी नळी छताच्या वर मोकळ्या हवेत न्यावी, तिच्या डोक्यावर काऊल बसवावा, खिडक्यांपासून ती दूर ठेवावी. गच्चीवर माणसांचा वावर असेल तर ती माणसाच्या डोक्याच्या बरीच वर गेली पाहिजे. जुन्या घरांत अशी नळी असते. पण गच्चीवर खोली चढवताना किंवा पत्रे घालताना 'आड येते' म्हणून ती कापून तिच्यावर टोपण ठोकले जाते. मग सहा महिन्यांनी घरात वास येतो आणि दोष देतात फिनाइलच्या कंपनीला!

प्रत्येक ठिकाणी वेगळी हवेची नळी लागते असे मात्र नाही, आणि तसे सांगून गिऱ्हाइकाचा खर्च वाढवणे हीही इमानदारी नव्हे. एकच बाथरूम असेल, उभी नळी अगदी जवळ असेल आणि ती वर मोकळी असेल, तर तीच हवेचे काम करते. अंतर वाढले की प्रश्न येतो. एक साधा ठोकताळा सांगतो. ट्रॅपपासून हवा मिळण्याच्या जागेपर्यंत नळी स्वतःच्या जाडीपेक्षा अधिक उतरता कामा नये. दीड इंची नळी पाव इंच उताराने सहा फुटांत दीड इंच उतरते. त्यापुढे ट्रॅपचा हवेशी संबंध तुटतो. म्हणजे सहा फूट ही शेवटची हद्द झाली. शहाणा प्लंबर तिच्या बराच अलीकडे थांबतो. बेसिन त्याहून लांब गेले तर ट्रॅपजवळून वेगळी हवेची नळी काढून ती वर उभ्या नळीला, सर्वांत वरच्या भांड्याच्या जोडाच्याही वर, मिळवावी.

हे सारे नुसत्या वासापुरते आहे, असे कुणी समजू नये. २००३ च्या मार्च महिन्यात हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या निवासी संकुलात सार्स या रोगाची लागण तीनशेहून अधिक रहिवाशांना झाली. चौकशीत बोट उठले ते बाथरूमच्या नहाणी ट्रॅपकडे. लोक फरशी धुण्याऐवजी पुसत असत. ट्रॅपमधले पाणी सुकले होते. आणि बाथरूमचा पंखा लावला की उभ्या नळीतली दूषित हवा घरात ओढली जात होती. दोन इंच पाण्याची किंमत काय असते, ते त्या इमारतींनी दाखवून दिले.

आपल्याकडे कोकणात कितीतरी घरे वर्षाचे दहा महिने कुलपात असतात; माणसे मुंबईला किंवा आखातात. त्या घरांचे ट्रॅप उन्हाळ्यात सुकतात. घर बंद करताना प्रत्येक नहाणीत पाणी ओतून वर चमचाभर खाद्यतेल सोडावे, म्हणजे पाणी लवकर उडत नाही. शेजाऱ्याला किल्ली देता, तसेच महिन्यातून एकदा बादलीभर पाणी टाकायलाही सांगावे.

दुकानदाराचा वाटा

दुकानदार बंधूंनाही येथे दोन शब्द सांगणे भाग आहे. सांडपाण्याच्या पीव्हीसी नळ्यांसाठी भारतीय मानक १३५९२ आहे. त्यात दोन प्रकार आहेत. 'ए' प्रकार पातळ, तो हवेसाठी आणि पावसाच्या पाण्यासाठी; 'बी' प्रकार जाड, तो मैल्यासाठी आणि सांडपाण्यासाठी. दोन्ही चार इंचीच, रंगही तोच, भावात मात्र फरक. गिऱ्हाईक 'चार इंची द्या, स्वस्तातली द्या' म्हणते आणि 'ए' घेऊन जाते. ती नळी संडासाला लागते, कोब्याखाली दबते, चेपते. दुकानदाराने काही खोटे सांगितले नसेल. पण 'कशासाठी हवी?' एवढा एक प्रश्न विचारला असता तर गिऱ्हाइकाचे घर वाचले असते. माल विकणारा आणि मालाचा उपयोग सांगणारा यांत फरक आहे, आणि गिऱ्हाईक पुन्हा येते ते दुसऱ्याकडे.

नहाणी ट्रॅपचेही तेच. उथळ ट्रॅप स्वस्त आणि बसवायला सोपा; पण त्यात दोन इंच पाणी राहतच नाही. असा माल दुकानात ठेवूच नये, असे आम्ही म्हणू. झाकण उघडणारे बेंड आणि टी मात्र भरपूर ठेवावेत. गाडलेल्या नळीवर साधा बेंड लावून दहा रुपये वाचवणाऱ्याला पुढे ती जागा फोडावी लागते.

कागद, तपासणी आणि मोबदला

काम घेताना तोंडी बोलीवर भागवण्याची सवय आपल्यात फार आहे. 'आपलाच माणूस आहे' म्हणून सुरू झालेले काम पुष्कळदा 'तुम्ही हे बोललाच नव्हता' यावर संपते. त्यापेक्षा चौकटीच्या कागदावर खोलीचे माप, उभ्या नळीची जागा, प्रत्येक नळीची जाडी, लांबी आणि उतार, ट्रॅप, चेंबर व हवेची नळी एवढे दाखवावे. खाली सामानाची यादी आणि मजुरी वेगवेगळी लिहावी. दोघांनी सही करावी. अर्ध्या दिवसाचे काम आहे, आणि त्याचे वेगळे पैसे मागायला प्लंबरने लाजू नये. डॉक्टर तपासणीचे पैसे घेतो. नळीचा नकाशा ही घराची तपासणीच आहे.

नळ्या झाकण्यापूर्वी परीक्षा झालीच पाहिजे. तोंडे बंद करून नळ्यांत पाणी भरावे आणि पातळी उतरते का पाहावे. वॉटरप्रूफिंग झाल्यावर खड्ड्यात पाणी भरून किमान एक दिवस-रात्र ठेवावे आणि खालच्या छताला हात लावून पाहावा. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. उघड्या नळ्यांचे फोटो टेप धरून काढावेत आणि घरमालकाला द्यावेत. पाच वर्षांनी भिंतीत खिळा ठोकताना तेच उपयोगी पडतील. घरमालकानेही मोबदल्याचा एक हप्ता या परीक्षेशी बांधून ठेवावा आणि परीक्षा उतरली की त्याच दिवशी तो चुकता करावा. कारागिराला हेलपाटे घालायला लावणाऱ्याला चांगले काम मागण्याचा हक्क राहत नाही.

काही मिस्त्री म्हणतील, 'आमच्या उस्तादांनी कागद-बिगद न करता चाळीस वर्षे कामे केली.' केली, आणि चांगली केली. पण तेव्हा संडास घराबाहेर, एकमजली, मागे मोकळे अंगण. आता वर तीन मजले, प्रत्येक खोलीला बाथरूम आणि मध्ये बोळही नाही. काम बदलले तर हुन्नरही पुढे गेला पाहिजे. ओडिशातील केंद्रापाडा जिल्ह्याची माणसे देशभर प्लंबर म्हणून ओळखली जातात. एका मुलखाने एक कसब धरले, पिढी-दर-पिढी मुलांना शिकवले आणि बाजार मिळवला. आपल्या मुलांनाही आयटीआयमध्ये प्लंबरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत गवंड्याला जागा मिळाली, प्लंबरला नाही. ही उणीव भरून काढण्याची मागणी कारागिरांच्या संघटनांनी लावून धरायला हवी. मात्र सरकारची वाट पाहत कागद-पेन्सिल हातात घेण्याचे थांबवण्याचे काही कारण नाही.

आमची सूचना लहानशी आहे. प्रत्येक सॅनिटरी दुकानदाराने गल्ल्याजवळ चौकटीच्या कागदाची वही ठेवावी. बाथरूम हलवायचे म्हणून गिऱ्हाईक आले, की फरशीचा नमुना दाखवण्यापूर्वी त्याला विचारावे, 'उभी नळी कुठे आहे? किती फुटांवर?' माहीत नसेल तर प्लंबरला सोबत घेऊन यायला सांगावे. त्या दिवशी कदाचित फरशीची विक्री होणार नाही. पण आठवड्याने तेच गिऱ्हाईक प्लंबरसह, मापे घेऊन येईल. बरोबर नळी, बरोबर ट्रॅप नेईल, आणि फरशीही त्याच दुकानातून नेईल.